आशाबाईने पोळ्याला बैल सोडला नाही

हिवरखेडच्या आशाबाईच्या तोंडी लागायची हिंमत तिच्या सासूलाही शेवटपर्यंत झाली नाही, तिथे बाकीच्यांची काय कथा. वावर नवरा खुशालराव पाहतो, पण गोठा तिचा. त्यातला सरदार तर वासरू असताना माय मेल्यावर तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवलेला. पोटची लेकरं देत नाहीत अशी तिच्या एका हाकेला ओ देतो.

यंदा डवरणीत, पिकातलं तण काढायला डवरा ओढताना, सरदारचा पुढचा पाय बिळात गेला आणि खुरावरची जाड शीर फाटली. महिनाभर लेप झाले, गोळ्या झाल्या, लंगडणं काही जाईना. शेजारचे डोमाजी सळई तापवून डाग द्यायला निघाले. आशाबाईने त्यांना अंगणातूनच वाटेला लावलं.

"पयले तुमच्या गुडघ्याले द्या डाग, भाऊ. थो बरा झाला त मंग माह्या बैलाकडे या."

दुसऱ्या दिवशी तिने सरदारला टेम्पोत चढवलं आणि थेट अकोला गाठलं. डॉक्टर श्रावणीबाईंचा दवाखाना खरं तर कुत्र्यामांजरांचा, पण शॉकवेव्हचं यंत्र त्यांच्याकडेच होतं. रांगेतल्या एका बाईने नाकाला रुमाल लावला. "चावत नाही थो," असं तिला सांगून आशाबाई ठाण मांडून बसली.

डॉक्टरबाई स्वतः टेम्पोत चढल्या. यंत्राचं तोंड पायाला टेकवलं तसा टकटक आवाज सुरू झाला. गुंगीच्या इंजेक्शनाने सरदार कान पाडून उभा होता.

"वीज नाही हं मावशी, या आवाजाच्या लहरी आहेत. यांनी फाटलेल्या जागी रक्त खेळतं, शीर भरून येते. पंधरा पंधरा दिवसांनी तीनदा यावं लागेल. आणि तीन-चार दिवस दुखणं बधिर राहील, बैल छान चालेल, पण शीर फाटलेलीच असेल. तेव्हा पळवलात तर पाय कायमचा जाईल."

नेमका तिसऱ्या दिवशी पोळा आला. सकाळी सरदार चारी पायांवर ताठ उभा! खुशालराव हरखून गेला. शिंगं रंगवली, झूल चढवली. गावच्या तोरणाखाली पहिली जोडी यांच्याच घरची. तोरण तुटलं की ती सगळ्यांच्या पुढे पळत सुटते. उसना बैल चालत नाही, आणि एक साल खाडा पडला की मान पुढच्या घरी जातो.

"चालून राहिला ना थो. कावून अडवतं?" खुशालराव म्हणाला.

"दुखत नाही म्हणून चालून राहिला. शीर तशीच हाये."

"अवं, तीन पिढ्यांचा मान हाये."

तिला का ठाऊक नव्हतं? नवी नवरी होती तेव्हापासून त्या मानाच्या जोडीला तिनेच ओवाळलेलं. जीव तिचाही तुटत होता. एवढ्यात डोमाजी बोलवायला आले. "गाव थांबलं हाये बाई. कुत्र्याच्या डॉक्टरचं आयकून तोरण सोडतं का?"

आशाबाई गोठ्याच्या दारात आडवी बसली. "न्यायचा त माह्या अंगावरून न्या. लहानाचा मोठा केला म्या त्याले. गावाच्या मानापायी लंगडा करू देत नाही."

खुशालरावाने फेटा काढून फेकला आणि घरात जाऊन पडला. तिकडे ढोल वाजले, तोरण तुटलं आणि दुसऱ्याच घरची जोडी पुढे पळाली. आशाबाईने सरदारचे पाय धुतले, त्याला पुरणपोळी चारली आणि मग पदर तोंडाला लावून रडून घेतलं.

दोन दिवसांनी बधिरपणा उतरला आणि सरदार पुन्हा लंगडायला लागला. डोमाजी हसतच आले. "फेल झालं ना मशीन?"

खुशालराव सरदारजवळ खाली बसला. त्या पायाकडे बघतच राहिला. हाच पाय तो पळवायला निघाला होता. अकोल्याच्या पुढच्या दोन्ही खेपांना टेम्पोत कासरा धरून तोच बसला.

दिवाळीनंतर डॉक्टरबाईंनी मोकळीक दिली. सरदार घरापासून वावरापर्यंत चालत गेला, एकदाही न लंगडता. पारावरून डोमाजींनी टोचलंच, "बैल बरा झाला, आशाबाई, पण तोरण गेलं ना घरातून."

आशाबाई थांबलीसुद्धा नाही.

"गेलं त गेलं. मले माहा बैल पायजे होता."