एका डिग्रीचे दोन दवाखाने

नोकरीत पंचनामे किती केले, याची मोजदाद मी कधी ठेवली नाही. बहुतेक विसरूनही गेलो. पण इगतपुरीकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्याचा पंचनामा अजून डोळ्यांसमोर आहे, कारण तो लिहून होत असतानाच शेजारी टेलिफोन वाजला आणि तपासाची दिशाच बदलली.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी त्या भागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. ठाणे लहान आणि हद्द अवाढव्य. आमचे बीट हवालदार मोटारसायकल असूनही गावात पायी शिरायचे. गाडीचा आवाज आला की लोक पोलिसाला दिसावे तेवढेच दाखवतात, असे त्यांचे म्हणणे. एका संध्याकाळी त्यांनी हजेरी झाल्यावर मला बाजूला घेतले.

"साहेब, एक मुलगी पाय ओढत चालतेय. मागच्या फेरीला मी तिला शाळेच्या पटांगणात पळताना पाहिली होती."

"पडली असेल."

"नाही. दवाखान्यात कमरेवर इंजेक्शन दिलं, तेव्हापासून पाऊल उचलत नाही. दवाखान्यावर पाटी नाशिकच्या डॉक्टरांची आहे. पण खुर्चीत बसतो कंपाउंडर."

तक्रार नव्हती. म्हणून मी स्वतः मुलीच्या बापाला भेटलो. डोंगराकडचा शेतकरी माणूस, भात आणि नाचणी करायचा. मुलगी दारातच उभी होती. चालताना तिच्या उजव्या पायाचा चवडा जमिनीला घासत होता. बापाला मी विचारले, सुई कोणी दिली?

"डॉक्टरनं. लय भला माणूस हाय, साहेब. पोरीचा ताप उतरवला त्यानं. पायाचं काय, ते नशिबाचं. माझी तक्रार नाय."

पोलिसात तक्रार नसणे म्हणजे गुन्हा नसणे नव्हे. मी तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना गाठले. त्यांनी मुलीला तपासले आणि सांगितले की, सुई चुकीच्या जागी घुसून शीर दुखावली आहे. पाय सुधारेल की नाही, सांगता येत नाही. त्या दिवशी मी फार संतापलो. माझी स्वतःची मुलगी साधारण त्याच वयाची होती.

सापळा साधा लावला. हवालदारांना धोतर नेसवून कंबरदुखीचे पेशंट म्हणून आत पाठवले. वैद्यकीय अधिकारी आणि दोन पंच रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसले. दवाखान्याला लागूनच एक एसटीडी बूथ होता. तिथे मी साध्या कपड्यांत फोनसाठी थांबल्यासारखा उभा राहिलो. दवाखाना मात्र नीटनेटका होता. बाकावर बायाबापड्या शिस्तीत बसल्या होत्या आणि भिंतीवर डॉक्टरांचे नाव डिग्रीसह ठळक रंगवलेले होते.

थोड्या वेळाने पन्नाशीकडे झुकलेला, स्वच्छ पांढरा शर्ट घातलेला एक माणूस दवाखान्यातून बाहेर आला आणि माझ्या शेजारून बूथमध्ये गेला. काचेचे दार पुरते लागत नव्हते.

"सर, कंबर आहे. चाळिशीच्या पुढचे. बीपी नाही म्हणतात... गोळ्यांवर भागेल असं वाटतंय... बरं. बरं, देतो."

तो परत आत गेला. मी इशारा केला आणि आम्ही पाठोपाठ शिरलो. त्याच्या हातात भरलेली सिरिंज होती. एक गोष्ट मी तेव्हाच हेरली. त्याने हवालदारांना पालथे झोपवले नव्हते. स्टुलावर बसवून दंड उघडा करायला सांगितला होता.

ओळख सांगताच त्याने सिरिंज हळूच ट्रेमध्ये ठेवली. पळाला नाही की पाया पडला नाही.

"साहेब, हे सगळं मी एकट्यानं चालवलंय. डॉक्टरांना यातलं काही माहीत नाही."

मी अजून काही विचारलेच नव्हते. इतक्या वर्षांत माझा एक ठोकताळा झाला होता: न विचारता दिलेली कबुली बहुधा दुसऱ्या कुणासाठी असते. "मग आत्ता फोन कोणाला केलास?" मी विचारले. "घरी," तो म्हणाला. घरच्यांना 'सर' म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

पंचनामा सुरू झाला. बाटल्या, सलाइन, सुया, एकेक वस्तू पंचांना दाखवून लिहिणे चालले होते. तेवढ्यात बूथवाल्याने रोजच्या सवयीने भिंतीपलीकडून हाक दिली, "भाऊ, नाशिकचा फोन."

कंपाउंडरचा चेहरा पडला. एका पंचाला घेऊन मी बूथमध्ये गेलो आणि रिसीव्हर दोघांना ऐकू येईल असा धरला. पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला.

"भाऊ, मी दवाखान्यातून बोलतेय. आज किती पेशंट झाले? सर चिडलेत हं. तुमच्याकडे इंजेक्शनं कमी का झालीत म्हणून विचारतायत. सुईशिवाय पेशंट सोडू नका म्हणालेत, नाहीतर माणसं दुसरीकडे जातात. ऐकताय ना?"

"हो," मी म्हणालो.

"आवाज बसलाय का तुमचा? काढा घ्या. आणि उद्या सर तिकडे येणार नाहीत. इथे कंपनीच्या कामगारांची आरोग्य-तपासणी आहे. तुम्हीच बघून घ्या."

फोन ठेवला. बिचाऱ्या मुलीला आपण कोणाशी बोललो याचा पत्ताही नव्हता. मी बूथवाल्याचा जबाब तिथेच घेतला. तो म्हणाला, "रोजचंच हाय, साहेब. गावात कोणाला काय दुखतंय ते डॉक्टरच्या आधी मला कळतं."

कंपाउंडरला ठाण्यात आणले. तो कळवणकडचा. शिक्षण अर्धवट सोडून नाशिकजवळ अंबडला एका कारखान्यात लागला होता. कारखाना बंद पडला तेव्हा जवळच दवाखाना चालवणाऱ्या या डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतले आणि मागच्या खोलीत बिऱ्हाडाला जागा दिली. आधी केर काढायचा, मग बाटल्या भरू लागला, मग सुया देऊ लागला. नाशिकच्या दवाखान्याचा जम बसल्यावर डॉक्टरांनी खेड्यात शाखा काढली. आठवड्यातून एकदा स्वतः यायचे, बाकी दिवस हा. एवढे त्याने सांगितले. पण डॉक्टरांचे नाव गुन्ह्यात घ्यायला तयार होईना.

"माझी बायको-पोरं त्यांच्या जागेत राहतात," तो म्हणाला. "आणि बेकार होतो तेव्हा दुसऱ्या कोणी मला दारात उभं केलं नाही."

मी आवाज चढवला नाही. उपकाराखाली दबलेला माणूस धाकाला भीत नाही. शिवाय पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, हे मला माहीत होते. मी फक्त डॉक्टरांना बोलावणे धाडले.

ते वकिलाला घेऊन आले. बोलणे मिठ्ठास. त्यांनी मला धंद्याचे गणितच समजावून दिले. "साहेब, दवाखाना म्हणजे नुसतं औषध नसतं. जागा, माणसं, वेळा, सगळं बघावं लागतं. खुर्ची रिकामी दिसली की पेशंट परत येत नाही. पण माझ्या पाठीमागे नोकरांनी काय उद्योग केले, त्याला मी कसा जबाबदार?"

कंपाउंडरला मी त्यांच्यासमोर उभा केला. "याला कशासाठी ठेवलं होतं?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. "झाडलोटीला."

कंपाउंडर एक पाऊल पुढे आला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सर, तुमच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात तिला रोज सुई मी द्यायचो. तेव्हा झाडलोटवाला होतो का?"

डॉक्टर गेल्यावर तो बोलला. मुलीचा ताप फोनवर कळवला होता. कमरेत दे, असा निरोप मिळाला. मुलीने अंग हिसडले आणि सुई भलतीकडे गेली. दुसऱ्या दिवशी बाप तिला उचलून घेऊन आला तेव्हा कंपाउंडरला हे कळले. त्याने डॉक्टरांना येऊन बघायची विनंती केली. त्यांनी सांगितले, मालिश करायला सांग, वाढवू नकोस. तेव्हापासून तो कमरेत सुई देईना आणि टळेल तिथे टाळू लागला. फोनवरच्या मुलीने विचारले होते ते हेच.

फोनवरची ती मुलगी म्हणजे नाशिकच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट. तिच्याकडे पेशंटच्या वेळा, पगार, हजेरी, औषधांचा साठा, दोन्ही दवाखान्यांचा सगळा कारभार होता. घाबरली, पण खोटे बोलली नाही. "साहेब, मला हे ऑफिसचं काम वाटायचं. सर सांगायचे, मी फोन करायचे. गुन्हा असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही." मी तिच्यावर विश्वास ठेवला. निरोप पोहोचवणाऱ्याला निरोपाचे वजन कळतेच असे नाही.

दोघांवर दोषारोपपत्र गेले. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षे लोटली, माझीही बदली झाली. साक्षीसाठी परत गेलो तेव्हा कोर्टाच्या आवारात सारे गाव जमले होते. माझ्याशी कोणी धड बोलेना. एक आजी तेवढी म्हणाली, "तुम्ही दवाखाना बंद केला. आता तापलेलं पोर घेऊन जायचं कुठं?"

साक्षी सुरू झाल्या आणि गावचा एकेक साक्षीदार फितूर होत गेला. सुई? नाही हो, यांनी कधी दिली नाही. हे नुसते बसवायचे, पाणी द्यायचे. सगळ्यांना कंपाउंडरला सोडवायचे होते. त्यात डॉक्टरही आपोआप सुटणार होते, हे त्यांच्या वकिलाला पक्के ठाऊक होते. तो एकाचीही उलटतपासणी घेत नव्हता. शेवटी मुलीचा बाप पिंजऱ्यात आला. मुलगी मागच्या बाकावर बसली होती, आता चांगली उंच झालेली.

"पोरीचा पाय जन्मापासूनच तसा हाय," बाप म्हणाला.

मुलीने मान खाली घातली. बापाने आपल्याच लेकीचे दुःख खोटे ठरवले होते, आणि तेही एका भल्या माणसासाठी.

रिसेप्शनिस्टने आणि बूथवाल्याने तेवढ्या साक्षी बदलल्या नाहीत. पण सापळ्यातली सुई तर टोचण्याआधीच आम्ही अडवली होती, आणि गावात सुई दिलीच नसेल तर फोनला काय अर्थ? सरकारी वकील माझ्याकडे बघून खांदे उडवत होते. मग कायद्याप्रमाणे न्यायाधीशांनी कंपाउंडरला विचारले, तुम्हाला काही सांगायचे आहे का? 'नाही' म्हणाला असता तर संध्याकाळी घरी गेला असता. त्याच्या वकिलाने तसे बजावलेही होते.

तो म्हणाला, "साहेब, हे लोक माझ्यासाठी खोटं बोलले. ती पोरगी पळायची. तिचा पाय माझ्या सुईनं गेला. सुई मी दिली आणि द्यायला डॉक्टरांनी सांगितलं. तिला जन्मापासूनची लंगडी म्हणू नका."

मुलगी उठून उभी राहिली. ती त्याच्याकडे बघत होती. नोकरीत मी आरोपींच्या अनेक कबुल्या ऐकल्या, पण जिला इजा केली तिच्याचसाठी दिलेली अशी एकच.

शिक्षा दोघांना झाली. डॉक्टरांनी त्याच दिवशी अपील करून जामीन घेतला. कंपाउंडरने अपील केले नाही. तो पोलीस गाडीत चढत असताना मी त्याला विचारले, बायको-पोरांचे काय? तो म्हणाला, "जागा तर केव्हाच गेली, साहेब. आता कळवणला आहेत. निदान पोरांना तोंड दाखवता येईल."

त्या खटल्यानंतर मी एक सवय लावून घेतली आणि हाताखालच्या पोरांनाही लावली. गुन्हा करणारा हात सापडला की आपण कागद गुंडाळायला लागतो. त्या हाताला कामावर कोणी ठेवले, काम कोणी नेमून दिले आणि नकार दिला तर कोण चिडणार होते, एवढे विचारल्याशिवाय तपास पुरा म्हणायचा नाही. आणि भला माणूस गुन्हा करत नाही, हा समजही मी तिथेच सोडला. भला माणूस चाकरीत असेल, तर पुष्कळदा त्याच्याच हातून तो करून घेतला जातो.

निकालानंतर थोड्याच दिवसांनी कामासाठी अंबडला जाणे झाले. मुद्दाम डॉक्टरांच्या त्या दवाखान्यावरून गेलो. बाहेर पेशंटची गर्दी तशीच होती. दाराच्या काचेला आतून एक पुठ्ठा चिकटवला होता. त्यावर लिहिले होते: 'कंपाउंडर पाहिजे. अनुभवाची अट नाही. राहण्याची सोय होईल.'