शेवटच्या बाकावरची छत्री

रत्नागिरीतल्या आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा तरुणांनी उपदेश करायचा, हा तिथल्या एका वयस्कर काकांचा आग्रह. "पाळकसाहेब आहेतच. तुम्ही कधी सांगणार?" असं म्हणत ते आम्हाला दारातच गाठतात. स्वतः मात्र शेवटच्या बाकावर बसतात आणि मध्येच मिटलेली छत्री वर धरतात. त्यांना ऐकू येत नाही, मोठ्याने बोलायचं, असं आम्ही समजायचो.

माझ्या पहिल्या उपदेशाला छत्री लगेच वर गेली. "प्रियजनहो, विश्वासात स्थिर राहा," असं मी घसा बसेपर्यंत ओरडले. छत्री तशीच. शेवटी थकून साध्या आवाजात म्हटलं, "आई दवाखान्यात होती तेव्हा मला प्रार्थनाच सुचेना. नुसतं 'देवा, इथेच थांब' म्हणत राहिले. आणि तो थांबला."

छत्री खाली आली.

बाहेर सलाम करून मी विचारलं, "काका, शेवटी ऐकू आलं ना?"

"ऐकू पहिल्यापासून येत होतं गो. खरं आत्ता वाटलं."

परवा कॉलेजातली एक मुलगी अशीच ओरडत होती आणि छत्री वर होती. तिला खूण करायला मी उठणार, तोच शेजारी बसलेल्या काकांनी माझा हात धरला.

"थांब गो," ते हळूच म्हणाले, "तिचं तिलाच सापडू दे."