फ्लॉरेन्समधील चौघांचा एकांत

खालच्या फोटोत माझ्या पत्नीच्या खांद्यावर जो हात दिसतो, तो माझा नाही.

तो माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा आहे. मीही त्या फोटोत होतो, परंतु दाजींच्या पलीकडे. फ्रेमवाल्याने कात्री चालवताना आम्हा मेव्हण्या-मेव्हण्यांचा एकत्रित लोप केला.

शैलाला जाऊन आज एक वर्ष झाले.

मागे दिसते ती पंचगंगा नव्हे. इटली देशातील फ्लॉरेन्स नगरीची नदी आहे. विचारणारे पुष्कळ आहेत, म्हणून हा खुलासा.

आमच्या विवाहास पंचवीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मिलानला नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने आम्हा उभयतांस तिकडे बोलावले. मी आक्का आणि दाजींनाही आग्रहाने बरोबर घेतले. एवढे मोठे विमान आणि त्यात आपण दोघांनीच बसायचे, हे माझ्या संस्कारांत बसेना.

फ्लॉरेन्सचे हॉटेल मात्र कन्येने शनिवार-रविवारसाठी फक्त आम्हा दोघांच्या नावे बुक केले होते.

"बाबा, हा रोमँटिक वीकेंड आहे. आत्याकडं मी बघते."

"रोमँटिक म्हणजे नेमकं काय करायचं?"

"काही नाही. फक्त दोघांनीच जायचं."

इतकी सुलभ व्याख्या हाती असूनही प्रस्तुत लेखक अनुत्तीर्ण झाला.

शनिवारी निघताना आक्का दारात उभी होती. दारात उभ्या असलेल्या माणसाला नुसते "येतो" म्हणून निघून जाणे कोल्हापुरी मनुष्यास शास्त्रतः निषिद्ध आहे.

मी म्हणालो, "इथं बसून काय करणार? चला की दोघंही."

दाजींनी बूट घातले. आक्काने दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरला.

शैलाने आपली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

हॉटेलात शेजारचीच खोली रिकामी निघाली. त्या दिवशी मी त्याला योग म्हणालो होतो.

त्या नगरीत एक अतिप्राचीन पूल आहे आणि पुलावर दोन्ही अंगांना सोनारांची दुकाने. शैला हुपरीची. तिचे वडील राहत्या घरातच चांदीचे पैंजण घडवत. ती प्रत्येक काचेपाशी थांबे, वाकून दागिन्याच्या सांध्याला डाग कसा दिला आहे ते पाही, आणि दाजी मागून म्हणत, "चला, चला. पंचगंगेवरचा पूल काय वाईट हाय व्हय?"

मी हसत असे. दाजींना वाईट वाटू नये म्हणून.

संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यात ती हळूच म्हणाली, "उद्या सकाळी त्या पुलावर जाऊया. दुकानं उघडायच्या आत. दोघंच."

"काय काम आहे?"

"काम न्हाय. नुसतं बसायचं."

सोनाराच्या या मुलीने पंचवीस वर्षांत माझ्याकडे गुंजभर सोने मागितले नव्हते. मागितले ते हे.

सकाळी सहाला आम्ही दोघे तयार होऊन खोलीबाहेर पडलो. शेजारच्या दाराआड आक्का खोकली.

आणि मी दार वाजवले.

"जागे आहात तर चला की."

पुलावर आम्ही चौघे ओळीने बसलो. एका परक्या पर्यटकाने आमचा फोटो काढला. हाच तो. आमचा दोघांचाच असा त्या प्रवासातला एकही फोटो नाही.

परतताना शैला म्हणाली, "तुम्ही लई चांगलं हायसा. सगळ्यांना चांगलं हायसा."

मी ती प्रशंसा समजून स्वीकारली.

"पुढच्या खेपेला दोघंच," असे आश्वासनही दिले.

पुढची खेप कोल्हापुरातच झाली. एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर.

तिथेही भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. शहाळी, बिस्किटे, सल्ले. प्रत्येकाला मी खुर्ची दिली, प्रत्येकाला हसवून पाठवले. माझ्या विनोदबुद्धीचा तो सुवर्णकाळ होता.

एका दुपारी खोलीत कोणी नव्हते. शैला म्हणाली, "दार लावून घ्या. बसा जरा."

मी दार लावले. बसलो. चारेक मिनिटे असतील.

दारावर टकटक झाली. बिद्रीचे दूरचे पाहुणे. आमचे त्यांचे नाते काय, हे मला आजतागायत उलगडलेले नाही.

मी म्हणालो, "या की."

ते निघाले तेव्हा त्यांना पोहोचवायला मी खाली उतरलो. चहाला ते दोनदा नको म्हणाले. मी तिसऱ्यांदा आग्रह केला. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला.

वर आलो, तेव्हा दार लावलेले होते. बाहेर सिस्टर उभ्या होत्या.

गेल्या आठवड्यात हा फोटो फ्रेमला देताना मी आक्काला म्हणालो, "त्या दिवशी तुम्हाला दोघांना उठवायला नको होतं."

तिने फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला.

मग म्हणाली, "मला तरी कुठं यायचं होतं रं? गुडघं दुखत होतं. पर न्हाई म्हटलं तर तुला वाईट वाटंल, म्हणून आलो."

"आणि दाजी?"

"ते माझ्यामुळं."

म्हणजे त्या पुलावर चार माणसे बसली होती, आणि चौघांपैकी एकालाही तिथे चौघे नको होते.

यावर काहीतरी विनोद सुचेल म्हणून आठवडाभर थांबलो. सुचला नाही.

वर्षाचा विधी आज सकाळी यथासांग पार पडला. आता सांत्वनार्थ येऊ इच्छिणाऱ्या समस्त आप्तेष्टांस नम्र विनंती: कृपया येऊ नये. आलात तर मी "या की" म्हणेन. माझा मला भरवसा नाही.

शैला, दार लावलंय.

काम काही नाही. नुसता बसलोय.

या खेपेस श्रद्धांजली एकट्याचीच.