लाल गाडीची फळी

गॅरेजमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. उघड्या राहिलेल्या रंगावर धूळ बसते तसे ते आपोआप येऊन बसतात. पनवेलला जुन्या हायवेच्या कडेला मी आणि सलीमभाई डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवायचो. तो पत्रा ठोकायचा, मी रंग मारायचो. स्मार्टफोन नुकते दिसायला लागले होते तेव्हाच्या या गोष्टी. हसण्यासारख्या पुष्कळ आहेत, पण मित्र जमले की फर्माईश त्या लाल गाडीचीच होते!

*

आधी सलीमभाईची सवय सांगतो. कुठलीही गाडी आली की हत्यार उचलण्याआधी तो बोटांच्या पेरांनी सगळा पत्रा वाजवून बघायचा. आत खड्डे बुजवायची पुट्टी भरलेली असली की आवाज बद्द येतो.

एकदा कामोठ्याच्या ट्यूशनवाल्या सरांची व्हॅन आली. सलीमभाईनं मागचं दार वाजवलं, कान लावला आणि शांतपणे म्हणाला, "सर, आत कोणीतरी आहे."

सर हसले. आम्ही दाराचं आतलं पॅनेल उघडलं, तर आत धामण! सर जे पळाले ते रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊनच थांबले. व्हॅन न्यायला त्यांनी मेव्हण्याला पाठवलं.

*

गॅरेजचा दुसरा नियम असा, की गाडीवरून काढलेला पार्ट लगेच भंगारात द्यायचा नाही. तो भिंतीला टांगायचा. गाडी एकदा परत येऊन "सगळं ठीक आहे" म्हणाली, की मग सुटका.

एका रिक्षावाल्याचा मडगार्ड असाच टांगलेला होता. त्यावर त्याच्या मुलीचं नाव रंगवलेलं. बिचारा येता-जाता ते बघायला थांबायचा. मी म्हटलं, "अहो, नव्या मडगार्डवर लिहून देतो की!"

"नको," तो म्हणाला, "तिथं बायकोनं स्वतःचं नाव बुक केलंय!"

*

तर, लाल गाडी. कामोठे गावातला निलेश ती घेऊन आला. दोन दरवाजांची जुनी स्पोर्ट्स कार, मुंबईच्या कुणाकडून सेकंडहँड घेतलेली. मागे डिकीवर उंच स्पॉयलर, म्हणजे आडवी बसवलेली फळीच. निलेशचं लग्न तोंडावर आलं होतं आणि वरात याच गाडीतून काढायची त्याची हौस.

"आई बोलते, ती फळी काडल्याबिगर सून या गाडीत बसायची नाय," तो म्हणाला.

"का?"

"गाडी धुतो, फिरून येतो, की फळीवर बोटं उमटतात. मागून दोन्ही हातांनी धरल्यासारखी."

मी हसलो. वॅक्सचे जुने डाग असतील. स्पॉयलर घासला, पॉलिश मारून आरसा केला आणि त्याला तळोज्यापर्यंत चक्कर मारायला पाठवलं. परत आला तेव्हा धुळीत बोटं उमटली होती. डावीकडे चार, उजवीकडे चार.

"सिग्नलला पोरांनी हात लावला असेल."

"गाडी कुठं थांबलीच नाय, दादा."

सलीमभाईनं सवयीप्रमाणे डिकी वाजवली, मग स्पॉयलर. आणि झटक्यात हात मागे घेतला.

"काय झालं?"

"खालून कोणाचं तरी बोट लागलं."

भर दुपारचं ऊन होतं. मी वाकून पाहिलं. स्पॉयलरच्या खाली मोकळी हवा.

"धामण असेल," मी म्हटलं. कोणीच हसलं नाही.

*

स्पॉयलर काढायचं कामही सरळ झालं नाही. डिकीच्या आतून बोल्ट सोडले, चिकटवलेली टेप गरम केली, मासे पकडायची नायलॉन दोरी खालून करवतीसारखी ओढून टेप कापली. सगळं सुटलं. दोघांनी उचलायला घेतला, तर हलेना! एवढीशी प्लास्टिकची वस्तू.

मी हात सोडून बाजूला झालो आणि रुमालानं तोंड पुसायला लागलो. सलीमभाई हळूच म्हणाला, "सोड आता, बाबा." आणि स्पॉयलर अलगद त्याच्या हातात आला.

"कोणाला बोललास रे?"

"तुलाच. तू वाकडा धरला होतास ना."

आम्ही भोकं बुजवली, रंग मारला. निलेशच्या आईनं डिकीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता बरं वाटतंय. हलदीला या दोघं." स्पॉयलर नियमाप्रमाणे भिंतीवर गेला.

*

लग्नानंतर लाल गाडी परत आली. बंपरला झेंडूची पाकळी अजून चिकटलेली. निलेश चालवत होता, शेजारी आई. नवी नवरी नव्हती.

"माहेरी जाऊन बसलीय," निलेश म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "वरातीत माझ्या बाजूला बसली व्हती. अर्ध्या वाटेत बोलली, मागं कोन बसलंय? माझी सीट धरून ओढतंय."

"मग? कोण होतं मागे?"

"कोनच नाय."

त्यानं पुढची सीट दाखवली. मऊ कापडावर दोन्ही बाजूंनी, मागून दाबलेली बोटं. डावीकडे चार, उजवीकडे चार.

सलीमभाईनं पत्रा वाजवायला हात उचलला आणि तसाच खिशात घातला.

निलेशची आई भिंतीकडे बघत होती. "सलीमभाय," ती म्हणाली, "ती फळी परत लावा."

"अहो आई, तुम्हीच तर काढायला लावलीत!" मी म्हटलं.

"हो. पन त्याला धराया कायतरी नको का?"

सलीमभाईनं स्टूल घेतलं आणि भिंतीवरचा स्पॉयलर उतरवला. मी ड्रिल शोधायला आत गेलो.