फुलाला तोंड न लावणारा मासा

"अरे हळू! समुद्र आहे त्यात, समुद्र!"

जयपूर स्टेशनच्या फलाटावर आमचे गार्डसाहेब ओरडत होते आणि डोक्यावर पाण्याचा कॅन घेतलेला हमाल जागीच थिजला होता. "पानी ही तो है, साहब," तो पुटपुटला. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्या माणसाने पुढे जन्मभर रिकामी बादलीसुद्धा दोन्ही हातांनी उचलली असेल.

तो समुद्र मुंबईत भरलेला. सवाई माधोपूरपर्यंत मोठ्या गाडीने, तिथून आमच्या छोट्या लाइनने म्हणजे मीटरगेजने, ओळखीच्या गार्डांच्या डब्यांतून. नळाला जेमतेम पाणी येणाऱ्या रेल्वे कॉलनीत या मालवणी माणसाने काचेच्या पेटीत समुद्र पाळला होता. मी शेजारच्या क्वार्टरमधला, अकोल्याचा. समुद्र तोवर नकाशातच पाहिलेला.

पेटीत आधी एकच रहिवासी होता, समुद्रफूल. नाव फुलाचं, पण जिवंत प्राणी. साहेबांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, माहेरच्या समुद्रातल्या खडकावरून जपून आणलेला. त्यात एके दिवशी साहेबांनी फुलपाखरू मासा आणून सोडला. इतका पिवळाधमक, की त्यांच्या घरात दिवसाही बल्ब जळतो अशी आमची समजूत झाली. या जातीचे बहुतेक मासे पोवळी आणि समुद्रफुलं कुरतडून खातात. पण साहेब छातीवर हात ठेवून सांगायचे, "बाकीचे खातात. हा तोंड लावणार नाही." दूधवाल्याने नुसता राम राम केला तरी उत्तर हेच.

वहिनींची अट एकच होती, "फूल गेलं, तर मासा तव्यावर."

मे महिन्यात फूल आक्रसून सुपारीएवढं झालं. पाठोपाठ साहेबांची मिशीही आक्रसली. ड्यूटीवर निघताना ते पेटीसमोर उभे राहून माशाची समजूत घालू लागले. एका सकाळी माझ्याकडे आले आणि हलक्या आवाजात विचारलं, आमचा तवा काही दिवस तुमच्याकडे लपवता का? मी लपवला. तुम्हीही लपवला असता, चेहराच तसा झाला होता.

त्याच दुपारी वहिनींनी पेटीत बोट बुडवून, सार चाखावं तसं पाणी चाखलं आणि निकाल दिला. दोष माशाचा नाही, तुमचा. इथल्या उन्हात पाणी उडतं, मीठ मागे राहतं, आणि तुम्ही वरून पुन्हा समुद्रच ओतता. होतं तसंच. समुद्रात नळाचं पाणी घालणं साहेबांना त्याला बाटवल्यासारखं वाटायचं. त्या दिवसापासून पेटी वहिनींनी ताब्यात घेतली. माठातलं पाणी थोडं थोडं घालू लागल्या आणि जुलैपर्यंत फूल बशीएवढं उमललं.

वहिनींनी अडवलं म्हणून, नाहीतर निर्दोष सुटलेल्या माशाची जुन्या जयपुरातल्या चारदीवारीतून हत्तीवरून मिरवणूक निघाली असती. साहेब मग पोस्टमनपासून सी-स्कीमच्या बड्या वस्तीतल्या बँक मॅनेजरपर्यंत दिसेल त्याला थांबवू लागले, "म्हटलं होतं ना? तोंड लावणार नाही." मासा म्हातारा होऊन गेला, तेव्हाही ते ताठ मानेने हेच म्हणाले.

काही वर्षांनी साहेबही गेले. भेटायला गेलो तेव्हा पेटी कोरडी होती आणि वहिनी तांदूळ निवडत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, साहेबांची पारख खरी. मासा शेवटपर्यंत त्यांच्या शब्दाला जागला.

"कुरतडायचा तो," वहिनी म्हणाल्या. "त्या मे महिन्यातच मी पाहिलं होतं. मग माझा गावचा सुका जवळा भिजवून त्याला घालायला लागले. पोट भरलेलं असलं की जायचा नाही तिकडे."