पाचवी वाडी

येलदरी धरणाच्या खाली, पूर्णा नदीच्या काठावर आमचा चार महिने मुक्काम होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुलासाठी जागा पाहायचं काम चाललं होतं आणि मी नवीन लागलेला, तेवीस वर्षांचा कारकून होतो. सहा राहुट्या, स्वयंपाकाचं एक छप्पर आणि साहेबांसाठी ट्रॅक्टरनं ओढत आणलेली चाकांची लाकडी खोली. तिला आम्ही बंगला म्हणायचो. चाकांना दगडांची उटी लावलेली असायची, तरी आत कुणी खुर्ची सरकवली की सगळा बंगला हलायचा. दुपारी राहुटीत बसवत नसे. मग करंजाखाली सतरंजी टाकून नकाशे पसरायचे.

समोर आटलेल्या पात्रात टरबुजांच्या पाच वाड्या होत्या. जवळच्या गावांतली माणसं वाळूत खड्डे घेऊन, शेणखत भरून वेल लावायची आणि कापसाच्या पऱ्हाट्यांच्या झोपड्या करून उन्हाळाभर तिथंच राहायची. संध्याकाळी आम्ही पाय मोकळे करायला तिकडं जायचो. वाडीवर एकच रिवाज होता. आलेल्या माणसानं एक तरी फोड खाल्ल्याशिवाय जायचं नाही. घाई आहे म्हणून चालायचं नाही, पोट भरलंय म्हणूनही नाही.

चौथ्या वाडीवरचा म्हातारा माझ्या आजोळच्या गावचा. मी त्याला मामा म्हणायचो. पाचवी वाडी पुढं, वळणाच्या अलीकडं. तिथं बौद्ध नवरा-बायको राहायचे. मी चार महिन्यांत त्या वाडीवर एकदाही गेलो नाही. कॅम्पवर आम्ही सगळे एका पंगतीला जेवायचो, त्यामुळं मी स्वतःला सुधारलेला समजत होतो. पण चौथ्या वाडीवरनं पाचवी स्पष्ट दिसायची. तिथं मी फोड खाल्ली असती, तर आठ दिवसांत आईच्या कानावर गेलं असतं, आणि घरी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. न खाता परतलो असतो, तर त्या दोघांना कारण कळलं असतं. म्हणून मी चौथ्यावरनंच मागं फिरायचो.

मे महिन्यात एक दिवस दुपारी साहेबांनी मला बोलावलं.

"उद्या सकाळी धरणातून पाणी सोडणार आहेत. गावात दवंडी होईल, पण वाळूतल्यांना ती कुठून ऐकू येणार? तुम्ही जा. पाचही वाड्यांना स्वतः सांगा. वेल जातील, निदान तयार माल तरी काढतील."

मी गेलो. पहिल्या तिन्ही वाड्यांवर सांगितलं, फोडी खाल्ल्या. चौथ्यावर मामा म्हणाला, "आरं भाचेबुवा, पानी सोडायलेत तर तोंड कशाला पाडायला? तू काय धरणाचा मालक हाईस? खा आधी."

मी खाल्लं आणि म्हणालो, "मामा, पुढच्या वाडीला तेवढा निरोप द्या."

"देतो की."

मामा गाडी आणायला गावात गेला, मग माल भरण्यात गुंतला आणि विसरला. मी त्याला दोष देत नाही. निरोप त्याच्यावर सोपवलेला नव्हता, माझ्यावर होता.

सकाळी पाणी आलं ते काही गर्जत आलं नाही. आधी वाळू ओली झाली, मग घोटाभर झालं, बघता बघता कमरेएवढं. चार वाड्या रिकाम्या होत्या. पाचवीवरनं ती दोघं एक हंडा, एक गोधडी आणि शेळी घेऊन काठावर चढली. थोड्या वेळानं आमच्या राहुट्यांसमोरनं टरबुजं वाहत जायला लागली. आमचे मजूर ओरडत, हसत बांबूनं ती ओढू लागले. ती कुणाची आहेत हे ध्यानात आल्यावर त्यांनी बांबू खाली ठेवले.

दोघं ओल्या कपड्यांनी बंगल्यासमोर आली. साहेब वहीपेन घेऊन पायरीवर बसले होते. मामा आणि मजूर भोवती उभे.

"यांना सांगितलं होतं ना?" साहेबांनी मला विचारलं.

"हो साहेब."

बाई माझ्याकडं वळली. "कवा आल्ते बाबू तुमी? म्या काल दिवसभर जिंतूरच्या बाजारात होते."

"दुपारी. तुमचे यजमान आडवे झाले होते. हो म्हणाले."

हे मला कसं सुचलं, ठाऊक नाही. पण सुचलं, आणि लगेच सुचलं.

ती नवऱ्यावर तुटून पडली. "म्या डोक्यावर पाटी घेऊन हिंडायले, आन् तुमी इथं लोळायलते? झोपंतच हो म्हनले का? सगळा उन्हाळा घालवला की वो!"

"न्हाई गं. दिवसभर वाळूतल्या झिऱ्यातनं पानी काढायलतो म्या," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, आवाज न चढवता, "बाबू, आमच्या वाडीवर आल्ते म्हनता. मंग फोड न खाता कसे गेले?"

साहेब पुण्याकडचे, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. बाकी सगळ्यांना कळलं. मामानं मान खाली घातली.

"घाईत होतो," मी म्हणालो.

"आसंल," तो म्हणाला.

साहेबांच्या हातातलं पेन अजून उघडंच होतं. तेव्हा बोललो असतो तर त्यांनी तसं लिहिलं असतं. त्यांनी लिहिलं, पाचही वाड्यांना आगाऊ सूचना दिली होती, आणि खाली माझी सही घेतली. त्या कागदामुळं त्या नवरा-बायकोचा नुकसानीचा अर्ज परत आला. पुढच्या वर्षी पाचवी वाडी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्या हिवाळ्यात माझं लग्न झालं. मामा आला, जेवला, त्या दिवसाबद्दल अवाक्षर बोलला नाही.

त्या माणसाच्या प्रश्नाला खरं उत्तर एवढंच होतं की मी आलोच नव्हतो. ते साहेबांसमोर बोलायला हवं होतं, पण त्याहीपेक्षा त्याच्या बायकोसमोर. ती दोघं हंडा आणि शेळी घेऊन देवगाव फाट्याकडच्या वाटेला लागली, तेव्हाही ती त्याला बोलतच होती. तो ऐकून घेत होता.