रेवाबद्दल मला विचारलं तेव्हा

बर्फ कापला जाण्याचा एक आवाज असतो. तुम्ही तो ऐकला नसेल, तर कसा सांगू? ताणून धरलेल्या कोऱ्या कापडातून धारदार कात्री एकदाही न अडखळता धावावी, तसा काहीसा. पण त्यात एक गारवा असतो, कानातून शिरून थेट दाढांपर्यंत पोहोचणारा. ख्राइस्टचर्चच्या गोदामांच्या वस्तीत, पत्र्याच्या उंच छपराखाली आमचं आइस रिंक आहे. शनिवारी सकाळी सहा वाजता तिथे ओल्या हातमोज्यांचा, रबरी चटयांचा आणि कॅन्टीनमध्ये तापत ठेवलेल्या, खिमा भरलेल्या मीट-पायचा मिळून एक दर्प दाटलेला असतो, आणि त्या शुभ्र, निर्मम पृष्ठभागावर माझी सोळा वर्षांची मुलगी, रेवा, एक लांबलचक वळण घेत असते. ते वळण मी डोळे मिटून ओळखेन. इतरांचा बर्फ खरवडल्यासारखा वाजतो, हिचा चिरल्यासारखा.

हॉकी म्हटलं की आपल्याकडच्या माणसांना हिरवं मैदान आठवतं. ही हॉकी बर्फावरची, पायांत पाती बांधून खेळायची, काळ्या रबरी चकतीची. इथेही ती थोडेच खेळतात. हा देश रग्बीचा. रेवा सात वर्षांची असताना एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला रिंकवर गेली आणि परत आली ती त्या बर्फाचीच होऊन. मला या खेळातलं काय कळणार? मी इमारतींचा इंजिनिअर. भूकंप सोसून उभ्या राहिलेल्या इमारती पुढचा धक्का सोसतील का, याचे अहवाल लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. पण त्या कामाने एक सवय लावली आहे, भार कुठून कुठे जातो ते पाहायची. रेवा वळते तेव्हा तिचा भार वळणाच्या आधीच पात्याच्या कडेवर जाऊन बसलेला असतो. चकती तिच्याकडे पोहोचण्यापूर्वी ती एकदा मान वळवून मागे पाहते, आणि चकती आली की ती कुठे पाठवायची हे तिचं ठरलेलं असतं. पाय शिकवता येतात, ही नजर शिकवता येत नाही, असं तिचा कोच म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात आप्पा, माझे वडील, इचलकरंजीहून सहा महिने आमच्याकडे राहायला आले होते. सारी हयात यंत्रमागापुढे उभा राहिलेला माणूस. कानटोपी, तिच्यावर मफलर, स्वेटरवर स्वेटर अशा थाटात ते रिंकच्या बाकावर बसले. आणि रेवाने तिघींच्या मधून चकती काढून जाळ्यात घातली तेव्हा त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की पुढच्या रांगेतल्या बाई दचकल्या. "आयला! पोरगी हाय का भिंगरी रं?" "आप्पा, हळू बोला." "का? इथं वरडायला बंदी हाय व्हय?"

त्याच हिवाळ्यात एक गृहस्थ आले. कॅनडातल्या एका निवासी शाळेसाठी ते गुणी मुली हेरत हिंडत होते; या माणसांना इथे स्काउट म्हणतात. त्या शाळेतून पुढे अमेरिकेतलं कॉलेज, आणि तिथून, नशीब आणि गुडघे शाबूत राहिले तर, मुलींची व्यावसायिक लीग. आमच्या देशातून एक मुलगी घ्यायची होती. एकच. गृहस्थ वयस्क होते, मृदू होते, हातात एक लहानशी वही. तीन दिवस ते काचेपलीकडे उभं राहून पाहत होते, टिपत होते.

मी निश्चिंत होतो. का, ते सांगतो. मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, आणि त्याचा मला अभिमान आहे; उगाच नम्रतेचा आव आणून मी तो झाकत नाही. मी जो काही झालो, तो एका व्यवस्थेमुळे: उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, क्रमांक असतो. तपासणाऱ्याला माझे वडील कोण, ते मागावर किती तास उभे राहतात, सही करतात की अंगठा उठवतात, हे ठाऊक नसतं. जे लिहिलंय तेवढंच तो पाहतो. या एका गोष्टीवर माझी देवावर नाही इतकी श्रद्धा आहे. बर्फ म्हणजे तर याहून स्वच्छ कागद! तिथे रेवा काय लिहिते आहे, ते दिसत नाही असा परीक्षक कोण असेल?

म्हणून दुसऱ्या दिवशी क्रेग त्या गृहस्थांना गाठून बोलू लागला, तेव्हा मला त्याचीच लाज वाटली. क्रेगची मुलगी रेवाच्याच संघातली. चांगली खेळते, पण वळणावर तिचा वेग निम्मा होतो. "शी इज अ मशीन, मेट," तो सांगत होता. "यू वोन्ट फाइंड अ हार्डर वर्कर. हीप्स ऑफ हार्ट." स्वतःच्या पोटच्या पोरीची अशी जाहिरात? माणसाने थोडी तरी भीड बाळगावी! मी मान फिरवली.

थोड्या वेळाने गृहस्थ कॉफीचा कप घेऊन माझ्याकडे आले. शेजारी बसले. इंग्रजीतून विचारलं, "रेवाबद्दल सांगा ना. कुणी बघत नसतं, तेव्हा ती कशी असते?"

आणि मी काय सांगितलं? मी हसलो. म्हणालो, "अहो कसलं काय! आळशी आहे. सकाळी हाका मारून मारून उठवावी लागते. तंद्रीतच असते. अजून पुष्कळ शिकायचंय तिला."

तुम्ही मराठी आहात. तुम्हाला हे समजावून सांगायला नको. पाहुण्याने आपल्या लेकराचं नाव काढलं की आपण काय म्हणतो? हेच म्हणतो. आणि मग पाहुण्याने काय म्हणायचं असतं? "छे छे, असं काय बोलता, पोर केवढी हुशार आहे!" मग आपण मान हलवायची, कानामागे सुखाची ऊब जाणवू द्यायची, आणि म्हणायचं, "तुमचे आशीर्वाद." हा सगळा मिळून एक विधी आहे. दोन माणसांनी उचलायची पालखी आहे ती. मी माझं टोक उचललं आणि थांबलो. गृहस्थांनी दुसरं टोक उचललंच नाही. त्यांनी मान डोलावली, "आय सी" म्हणाले, आणि वहीत दोन ओळी लिहिल्या.

त्या शांततेत मला काही खटकलं का? खटकलं, थोडंसं. पण मी स्वतःला म्हणालो, डोळे आहेत ना त्यांना! पाहतील.

खरी गोष्ट अशी आहे की आमच्या घरात पहाटे सर्वांत आधी उठते ती रेवा. पाच वाजता माझ्या खोलीचं दार हळूच वाजवते. "बाबा, द विंडस्क्रीन विल बी फ्रोझन, गेट अप." माझ्या बायकोचं, वृंदाचं, फार्मसीतलं काम उशिरा संपतं म्हणून तिला झोपू देते, डबा स्वतः भरते, आणि मी आंघोळ करून येईपर्यंत बॅग घेऊन दारात उभी असते. आळशी! जगातले सगळे शब्द सोडून मी नेमका तोच उचलला.

महिन्याभराने ईमेलवर पत्र आलं. विनयाने लिहिलेलं, अन्याय दिसणार नाही इतकं नेटकं. तिच्या पायांबद्दल, हातांबद्दल, नजरेबद्दल असे शब्द होते की बापाने चौकट करून भिंतीवर लावावेत. आणि शेवटी: घरच्यांच्या सांगण्यावरून असं दिसतं की मुलीला सतत प्रवृत्त करावं लागतं. घरापासून इतक्या दूर, एकटीने राहायचं तर स्वयंप्रेरणा सर्वांत महत्त्वाची. सबब, यंदा शिफारस करता येत नाही.

क्रेगची मुलगी कॅनडाला गेली.

मी लांबलचक ईमेल लिहिली. आमच्यात असं असतं, आम्ही मुलांची स्तुती परक्यासमोर करत नाही, उलट बोलतो, त्याचा अर्थ उलट घ्यायचा असतो. लिहिता लिहिता मलाच वेड्यासारखं वाटू लागलं. हजारो पानांचे अहवाल लिहिलेला मी, एक साधी रीत मला त्यांच्या भाषेत मांडता येईना! उत्तर दोन ओळींचं आलं. कळवल्याबद्दल आभार, जागा भरली आहे, रेवाला शुभेच्छा.

रेवाने पत्र वाचलं. रडली नाही. फोन टेबलावर उपडा ठेवला आणि विचारलं, "बाबा, डिड यू से धिस?"

"हो."

"बट इट्स नॉट ट्रू."

मी समजावू लागलो. विधी, पाहुणे, आशीर्वाद. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि मग तिने जे विचारलं ते मी मराठीत लिहितो, कारण इंग्रजीत ते मला अजून सोसत नाही. म्हणजे लहानपणापासून लोकांसमोर तू मला आळशी म्हणालास, वेंधळी म्हणालास, तेव्हा मी त्याचा उलटा अर्थ घ्यायचा होता? हे मला कुणी सांगायचं होतं?

कुणी? मला सांगायला लोक होते! पाचवीत माझं नाव घालायला आप्पा शाळेत गेले, तेव्हा मास्तरांपुढे हात जोडून म्हणाले होते, "ह्ये कसलं शिकतंय? ठोंब्या हाय निस्ता." आणि मास्तर ताडकन म्हणाले होते, "असं बोलू नका. पोरगं तल्लख आहे. माझ्यावर सोपवा." मी दोघांच्या मध्ये उभा होतो. दोन्ही वाक्यं मी ऐकली. दोन्ही मिळून मला वाढवलं. समुद्र ओलांडताना मी माझं अर्धं वाक्य बरोबर आणलं. ते खोडून काढणारी माणसं, मास्तर, शेजारच्या काकू, आत्या, तिकडेच राहिली. रेवाने सोळा वर्षं पहिलं अर्धंच ऐकलं, आणि तरीही ती पहाटे पाचला उठत राहिली. ही ताकद कोणत्या वहीत टिपायची?

आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी दाढीचे खुंट चोळले. "मी बोललो त्यो मानूस आपला हुता," म्हणाले. "तू कुनाम्होरं बोललास?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "पन काय रं, तुला तरी ती जायला हवी हुती का?"

एवढं लिहिलंच आहे, तर हेही लिहितो. पत्र वाचलं तेव्हा, राग येण्याच्या आधी, पापणी लवायला लागतो तेवढा वेळ, मला हलकं वाटलं होतं. ती जाणार नाही. ती इथे राहील, युनिव्हर्सिटीत जाईल, तिच्या नावापुढे डिग्री लागेल. माझ्या खांद्यावर तिचा पाय पडेल आणि ती एक पायरी वर चढेल. ज्या पायरीसाठी आप्पांचे पाय सुजले, ती सोडून माझी मुलगी बर्फावर चालली होती. मग त्या दिवशी माझ्या तोंडून बोलली ती रीत होती, की रीतीच्या आडून बोललेला मी? किती वेळा तपासलं! इमारतीत भेग कुठून सुरू झाली हे मी सांगू शकतो. इथे नाही सांगता येत.

यंदा ते गृहस्थ पुन्हा आले आहेत. वयाच्या अटीत रेवाची ही शेवटची खेप. आज सकाळी गाडीत बसताच ती म्हणाली, "प्रॅक्टिस. ही आस्क्स यू, हाऊ इज रेवा? गो."

"शी इज व्हेरी गुड," मी म्हणालो, "बट..."

"नो बट."

"शी वर्क्स हार्ड. ऑफ कोर्स, अजून पुष्कळ..."

"बाबा!"

सिग्नल आला. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि म्हणालो, "शी इज द बेस्ट प्लेयर हिअर. शी गेट्स अप बाय हरसेल्फ. शी वेक्स मी." अक्षरन् अक्षर खरं, आणि तरी माझे कान असे तापले, जणू कुणाच्या तरी घरातून काहीतरी उचलून आणताना पकडलो गेलो होतो. रेवा माझ्याकडे पाहत होती. चकती येण्यापूर्वी पाहते, तसं.

"यू साउंड लाइक यू आर लायिंग," ती म्हणाली. चिडून नव्हे, नोंद केल्यासारखं. रिंकपाशी गाडी थांबल्यावर तिने बॅग खांद्यावर घेतली, दार बंद करता करता वाकली, आणि एरवी कधी न वापरलेल्या, जपून उच्चारलेल्या मराठीत म्हणाली, "तू गाडीतच बस. माझं मी सांगते त्यांना."

मी बसलो. स्वतःबद्दल चांगलं सांगणं तिला कुणी शिकवलं असेल? मी तर नाही. कदाचित क्रेगच्या मुलीने. शेजारी एक गाडी येऊन उभी राहिली, तिच्यातून एक बाई उतरल्या, रेवाची पाठमोरी आकृती दारातून आत जाताना पाहून कौतुकाने हसल्या. "युवर डॉटर? शी लुक्स रेडी!"

मी काच खाली केली. "ओह," मी म्हणालो, "शी इज ऑलराइट."